कोठे बनली, कोठे दुरुस्त होणार : इलेक्ट्रिक गाडीच्या खरेदीतील दोन प्रश्न

पेट्रोलची मोटारगाडी घेताना तिचा उगम आणि तिची दुरुस्ती हे दोन प्रश्न ग्राहक वेगवेगळे विचारू शकत असे. इंजिन जपानी असो की जर्मन, काही वर्षांत त्या गाडीच्या क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड तालुक्याच्या बाजारात मिळू लागत, कंपनीच्या दारी न जाता ती चालती ठेवणारे मिस्त्री तयार होत, आणि उत्पादकाने देशातून गाशा गुंडाळला तरी गाडी रस्त्यावर राहत असे. विजेवर चालणाऱ्या गाडीला ही सोय अजून लाभलेली नाही. तिच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या बॅटरीत गुंतलेला असतो ती मोहोरबंद पेटीत असते, त्या पेटीचे नियंत्रण उत्पादकाच्या सॉफ्टवेअरकडे असते, आणि ती उघडण्याची अवजारे, प्रशिक्षण व परवानगी सध्या जवळजवळ सर्वस्वी उत्पादकाच्याच सेवा केंद्रांकडे आहे. त्यामुळे गाडी कोठून आली आणि ती बिघडल्यावर कोठे न्यायची हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. त्यांचा विचार करताना उगमाला गुणवत्तेचा दाखला समजण्याची सवय सोडावी लागते. बिघाडाच्या वेळी सुटा भाग, जाणता तंत्रज्ञ आणि वॉरंटीचा पैसा कोठून व किती दिवसांत येईल, याचा अंदाज देणारी माहिती म्हणूनच उगमाला वजन देणे योग्य ठरते.

उगम म्हणजे नेमके काय, येथेच पहिली अडचण येते. गाडीवरचे नाव, त्या नावाची मालकी, गाडी जोडणारा कारखाना, बॅटरीचा संच जोडणारा कारखाना आणि त्या संचातील सेल बनवणारा कारखाना ही पाच ठिकाणे वेगवेगळ्या देशांत असू शकतात. सेल म्हणजे वीज साठवणारा सर्वांत लहान स्वतंत्र घटक. असे अनेक सेल, त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था आणि त्यांच्या तापमानावर व विद्युत दाबावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल मिळून संच, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘पॅक’, तयार होतो. एमजी हे नाव ब्रिटिश आहे, त्या नावाची मालकी शांघायच्या एसएआयसी या चिनी उद्योगाकडे आहे, भारतातील गाड्या गुजरातमध्ये हालोल येथे पूर्वी जनरल मोटर्सच्या असलेल्या कारखान्यात तयार होतात, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या करारानंतर भारतीय कंपनीत जेएसडब्ल्यू समूहाचा ३५ टक्के वाटा आहे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेल्या गाड्या चाकणला बनतात आणि त्यांचे बॅटरी संचही तेथेच जोडले जातात, परंतु संचातील ‘ब्लेड’ प्रकारचे सेल चिनी बीवायडी कंपनीचे आहेत. जानेवारी २०२० मध्ये आलेली टाटांची नेक्सॉन ईव्ही पुणे जिल्ह्यातील रांजणगावची. तिच्या संचासाठी टाटा ऑटोकॉम्पने गोशन या चिनी सेल-उत्पादकाशी भागीदारी केली. तेव्हा चिनी माल नको असा निश्चय करून निघालेल्या ग्राहकाने तो निश्चय सेलपर्यंत नेला, तर आजच्या भारतीय बाजारात त्याच्यासमोर फारच थोडे पर्याय उरतात, आणि त्याने तो केवळ गाडीवरच्या नावापुरता ठेवला, तर त्या निश्चयाला फारसा अर्थ राहत नाही.

यातला एक थर मात्र कोणालाही स्वतः तपासता येतो. नोंदणी पुस्तकावर आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या सतरा खुणांच्या चॅसिस क्रमांकाची पहिली तीन अक्षरे उत्पादकाची आणि देशाची ओळख सांगतात : ‘एमएटी’ म्हणजे टाटा मोटर्स, ‘एमएएल’ म्हणजे ह्युंदाईचा भारतीय कारखाना, ‘के’ने सुरू होणारा क्रमांक सहसा कोरियाचा, आणि ‘एलआरडब्ल्यू’ म्हणजे टेस्लाचा शांघाय येथील कारखाना. हा क्रमांक अखेरची जोडणी कोठे झाली एवढेच सांगतो. आतला माल कोठला, याची मोजणी सरकार वेगळ्या कारणासाठी करते. सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाहन क्षेत्राच्या २५,९३८ कोटी रुपयांच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत अनुदान मिळण्यासाठी किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धन, म्हणजे गाडीच्या मूल्यातील देशात निर्माण झालेला हिस्सा, सिद्ध करावा लागतो, आणि त्याची तपासणी पुण्याची एआरएआय आणि तिच्यासारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्था करतात. एवढी बारीक मोजणी होऊनही तिचा आकडा शोरूममध्ये गाडीच्या काचेवर लावण्याचे बंधन नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने नव्या मोटारीवर अमेरिकी व कॅनडियन भागांची टक्केवारी आणि इंजिनाचा मूळ देश लिहिणे सक्तीचे केले. भारतात असा कागद सुरू झाला आणि त्यात सेलचा मूळ देश व संच जोडणीचे ठिकाण यांची भर पडली, तर देशी-विदेशीच्या चर्चेतील निम्मा गोंधळ एका दिवसात दूर होईल. ही मागणी ग्राहक संघटनांनी नेटाने लावून धरण्यासारखी आहे.

देशाच्या नावावरून गुणवत्ता ओळखता येते का, याचे उत्तर एका सुट्या भागाच्या इतिहासात सापडते. ह्युंदाईची आयोनिक ५ आणि किआची ईव्ही६ या दोन गाड्या एकाच तांत्रिक सांगाड्यावर उभ्या आहेत. भारतात विकली जाणारी पहिली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला जोडली गेली, तर दुसरी कोरियातून पूर्ण तयार होऊन आली. दोन्हींत चार्जिंगचे एकात्मिक नियंत्रण करणारा एक भाग असतो, जो बाहेरून आलेली वीज मुख्य बॅटरीत भरतो आणि त्याच मुख्य बॅटरीतून दिवे, कुलपे व संगणक चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही भरत ठेवतो. हा भाग निकामी झाला की छोटी बॅटरी उतरत जाते आणि मुख्य बॅटरीत भरपूर वीज असूनही गाडी चालताना शक्ती गमावू शकते. २०२४ मध्ये भारतात याच दोषासाठी आयोनिक ५ च्या १,७४४ आणि ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या परत बोलावण्यात आल्या. भारतात जोडलेली आणि कोरियात बनलेली, दोन्ही गाड्यांत दोष तोच होता आणि उपायही तोच होता : सॉफ्टवेअर बदलणे, आणि गरज पडल्यास तो भाग बदलणे. मालकाच्या दृष्टीने फरक पडला असेल तो एवढाच की, हे काम करणारे केंद्र त्याच्या गावापासून किती दूर होते.

सेलच्या बाबतीतही हेच दिसते. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकला आग लागण्याच्या घटनांनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ८२,००० विद्युत वाहनांचे बॅटरी संच बदलण्याचे जाहीर केले, आणि संशयाचा रोख एलजीच्या चीनमधील नानजिंग कारखान्यात तयार झालेल्या सेलवर होता. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये भारतातही ४५६ कोना तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. एवढ्यावरून चिनी सेल वाईट असा निष्कर्ष काढणाऱ्याला २०२१ मध्येच दुसरे उदाहरण मिळाले. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टमधील दोष आधी एलजीच्या कोरियातील ओचांग कारखान्यापुरता मानला गेला, पण ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या हॉलंड येथे बनलेले सेलही त्यात आले आणि तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट परत बोलवाव्या लागल्या. दोष एका देशाच्या कारागिरीचा नव्हता. तो उत्पादनाच्या विशिष्ट टप्प्यावरील गफलतीचा होता आणि तीन देशांत तो होऊ शकला. या प्रकरणातून ग्राहकाने घ्यावयाची गोष्ट वेगळीच आहे. सुमारे २०० कोटी डॉलरच्या खर्चापैकी १९० कोटी डॉलर एलजीकडून वसूल करण्याचा समझोता जनरल मोटर्सने केला, म्हणजे खर्चाचा भार उचलण्याची ऐपत असलेले दोन मोठे उद्योग ग्राहकाच्या मागे उभे होते म्हणून संच बदलून मिळाले.

ही ऐपत आणि उत्पादकाचा टिकाऊपणा या अंगाने मात्र उगमाचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होतो. फिस्कर या अमेरिकी कंपनीची ओशन ही गाडी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मॅग्नाच्या नावाजलेल्या कारखान्यात बनत होती. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उत्तम कारखान्यातून आलेल्या गाड्यांच्या मालकांना संघटना उभारून सुट्या भागांची व सॉफ्टवेअरची सोय स्वतःच पाहावी लागली. चीनमध्ये डब्ल्यूएम मोटर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी २०२३ मध्ये कोलमडली तेव्हा गाडीशी जोडलेल्या मोबाइल सेवांचाच प्रश्न उभा राहिला. भारताला परदेशी उत्पादक निघून जाण्याचा अनुभव नवा नाही : जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस येथील विक्री थांबवली आणि तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला; फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि साणंदचा कारखाना टाटांनी घेतला. या कंपन्यांच्या पेट्रोल-डिझेल गाड्या नंतरही चालत राहिल्या, कारण त्यांचे पर्यायी सुटे भाग आणि त्या जाणणारे मिस्त्री बाजारात होते. हीच घटना इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत घडली, तर मालकाच्या हाती बॅटरीचे निदान करणारे सॉफ्टवेअरही राहणार नाही.

सरकारी धोरणाचा परिणामही उगमाच्या वाटेनेच ग्राहकापर्यंत पोहोचतो. पूर्ण तयार आयात होणाऱ्या मोटारीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरही किमतीनुसार ७० ते ११० टक्के शुल्क लागते; सुट्या भागांचे संच आणून येथे जोडणाऱ्यास ते पुष्कळ कमी पडते. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले दालन उघडणाऱ्या टेस्लाची शांघायहून आलेली मॉडेल वाय ५९.८९ लाख रुपयांपासून सुरू झाली, यात या शुल्काचा मोठा वाटा आहे. मार्च २०२४ च्या योजनेत किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवून भारतात कारखाना उभारण्याची हमी देणाऱ्यास वर्षाला ८,००० पर्यंत गाड्या १५ टक्के शुल्काने आणण्याची मुभा दिली गेली, पण तिच्याबरोबर तीन वर्षांत २५ आणि पाच वर्षांत ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट आहे. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची करणारा एप्रिल २०२० चा नियम आणि बीवायडीचा हैदराबादच्या कंपनीबरोबरचा गुंतवणुकीचा प्रस्ताव २०२३ मध्ये नाकारला जाणे, हे दोन्ही निर्णय देशाच्या सुरक्षेच्या विचारातून झाले, परंतु त्यामुळे बीवायडीच्या ग्राहकाला आयातीवर अवलंबून असलेली गाडी घ्यावी लागते, हे खरेदीच्या वेळी लक्षात घेणे भाग आहे. उलट बाजूने, एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा त्याची झळ पूर्णतः भारतीय म्हणवणाऱ्या वाहन उत्पादकांनाही लागली, कारण बहुतेक विद्युत मोटारींत हीच चुंबके असतात.

सेवेकडे वळल्यावर पहिला भेद करावा लागतो तो शोरूमची संख्या आणि उच्च दाबाचे काम करणाऱ्या केंद्रांची संख्या यांत. साठ व्होल्टच्या वरचा एकदिश प्रवाह वाहन-सुरक्षेच्या नियमांत उच्च दाबाचा मानला जातो आणि आजच्या गाड्यांत तो तीनशे-चारशे व्होल्ट, काहींत आठशेपर्यंत असतो. टायर, ब्रेक, वातानुकूलन, सस्पेन्शन ही कामे कोणतेही अधिकृत केंद्र करते. नारिंगी आवरणाच्या तारांना हात लावण्याचे काम मात्र वेगळे आहे. ते करणारा तंत्रज्ञ आधी गाडीची किल्ली दूर ठेवतो, बारा व्होल्टची बॅटरी सोडवतो, मग मुख्य संच तोडणारी सेवा-खुंटी उपसून आपल्याजवळ कुलूपबंद ठेवतो, आणि धारित्रांत, म्हणजे कपॅसिटरमध्ये, उरलेला भार ओसरण्यासाठी काही मिनिटे थांबतो. जाड रबरी हातमोजा घालण्यापूर्वी त्याचे तोंड गुंडाळत आत हवा कोंडून तो दाबून पाहतो, कारण सुईच्या अग्राएवढे छिद्रही जीवघेणे ठरू शकते. त्यानंतर मापकावर शून्य व्होल्ट दिसल्याशिवाय पुढचा नट सुटत नाही. संच उतरवायचा तर शीतक द्रव काढावा लागतो, काही क्विंटल वजनाची पेटी पेलणारा उचल-मंच गाडीखाली आणावा लागतो, आणि काम झाल्यावर नवे सील बसवून पेटीत पाणी शिरणार नाही याची हवेच्या दाबाने चाचणी घेऊन, शिवाय विद्युतरोधनाची मोजणी करूनच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी लागते. एवढी साधने व एवढी शिकलेली माणसे प्रत्येक शहरातील प्रत्येक केंद्रात असू शकत नाहीत, म्हणून कित्येक केंद्रे गाडी स्वीकारतात आणि संचाचे काम मोठ्या शहरातील केंद्राकडे पाठवतात.

महाराष्ट्राच्या भूगोलात या गोष्टीचे वजन जागेनुसार बदलते. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे किंवा नाशिकच्या ग्राहकाला पाच-सहा उत्पादकांची सुसज्ज केंद्रे तासाभराच्या अंतरात सापडतात, म्हणून त्याने आयात गाडी घेतली तरी केंद्रापर्यंत पोहोचणे ही त्याची मुख्य चिंता नसते. त्याची चिंता सुट्या भागाच्या प्रतीक्षेची असते. गडचिरोलीच्या ग्राहकाला नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर पडते, आणि बंद पडलेली इलेक्ट्रिक गाडी चाके जमिनीवर ठेवून ओढत नेणे बहुतेक उत्पादकांनी निषिद्ध ठरवले आहे, कारण फिरणारी चाके मोटारीला फिरवतात आणि तीत वीज निर्माण होऊन विद्युत यंत्रणेची हानी होऊ शकते. म्हणजे सपाट तळाचा ट्रक लागणार. रस्त्यावरील मदतीच्या करारात असा ट्रक किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे, हे वाक्य अशा ग्राहकाच्या दृष्टीने गाडीच्या पल्ल्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. सावंतवाडीच्या ग्राहकाला कोल्हापूरपेक्षा गोव्यातील केंद्र जवळ आहे आणि घाट चढावा लागत नाही. वॉरंटी राज्याच्या सीमेवर थांबत नसल्याने त्याने चौकशी पणजी-म्हापशाकडे करणे श्रेयस्कर. २०२५ च्या राज्य धोरणाने समृद्धी महामार्गावर व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना पथकरात सूट दिली आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचे उद्दिष्ट ठेवले, परंतु उच्च दाबाची दुरुस्ती केंद्रे किती अंतरावर असावीत याचा विचार अशाच आस्थेने होण्याची गरज आहे.

नव्या उत्पादकांनी हे अंतर दुसऱ्या वाटेने भरून काढण्याचा प्रयत्न चालवला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूतील थूथुकुडी येथे जोडणी सुरू करणाऱ्या व्हिएतनामच्या विनफास्टने मायटीव्हीएस या बहुउत्पादक सेवा साखळीशी करार केला. यामुळे केंद्रांची यादी लवकर वाढते, परंतु यादीतील कोणते केंद्र संच उतरवू शकते आणि भागांचे कोठार देशात कोठे आहे, हे प्रश्न तसेच उभे राहतात. मारुतीची बाजू याच्या उलट आहे : २०२५ पासून हंसलपूर येथे बनणारी तिची ई-विटारा ही तिची पहिलीच इलेक्ट्रिक मोटार, पण इलेक्ट्रिक गाडीसाठी सज्ज केलेल्या तिच्या कार्यशाळांची जाहीर केलेली संख्या दीड हजाराच्या घरात आहे. लहान गावातील ग्राहकाला नवखे तंत्र जुन्या जाळ्यातून घेणे हे मुरलेले तंत्र विरळ जाळ्यातून घेण्यापेक्षा बहुधा अधिक लाभाचे ठरेल.

कागदपत्रांचा भाग रूक्ष असला तरी निर्णायक आहे. बॅटरीच्या आजन्म वॉरंटीची जाहिरात आता अनेक उत्पादक करतात. महिंद्राच्या वॉरंटीत ती पहिल्या खासगी मालकापुरती आहे आणि मालकी बदलल्यास मर्यादा १० वर्षे किंवा दोन लाख किलोमीटरवर येते, तर टाटांनी ‘आजन्म’ याचा अर्थ पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे असा सांगितला आहे. ग्राहकाने वॉरंटी पुस्तिकेत क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर संच बदलून मिळेल, पूर्ण संच मिळेल की सदोष भागच बदलला जाईल, आणि पुराच्या पाण्याने झालेली हानी कोणाच्या खात्यावर जाईल, हे शोधून वाचणे आवश्यक आहे. वॉरंटीबाहेर बॅटरी विकत घेण्याची वेळ आली तर करही बदलतो : इलेक्ट्रिक गाडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के असला तरी सुट्या लिथियम-आयन बॅटरीवर तो १८ टक्के आहे. कायद्याचे पाठबळ मात्र दुर्लक्षिण्यासारखे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करण्याचा अधिकार दिला असून ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगात चालते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय गुरुग्राममध्ये असले तरी परभणीच्या ग्राहकाला परभणीतच दाद मागता येते. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात आलेल्या ११०-अ या कलमाने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

जुनी गाडी घेणाऱ्यासाठी या सगळ्याचा क्रम बदलतो, कारण त्याच्या हाती वॉरंटीचा उरलासुरला भागच येतो. २००१ मध्ये बंगळुरूहून आलेली रेवा, २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतल्यावर २०१३ मध्ये निघालेली ई२ओ आणि टाटा टिगोरची पहिली, मुख्यतः टॅक्सी-ताफ्यांसाठीची विद्युत आवृत्ती या सर्व भारतात बनलेल्या गाड्या होत्या, तरी त्यांचे नंतरचे आयुष्य सोपे झाले नाही. टिगोरच्या त्या आवृत्तीचे जलद चार्जिंग ज्या कमी दाबाच्या भारत डीसी-००१ चार्जरवर होत असे, त्याची जागा देशभर सीसीएस-२ या प्रमाणाने घेतली, आणि गाडी स्वदेशी असूनही महामार्गावरचा नवा चार्जर तिला उपयोगी पडेनासा झाला. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत चार्जिंगचे तोंड कोणत्या प्रमाणाचे आहे, संचाच्या आरोग्याचा अहवाल अधिकृत केंद्र लेखी देते का, आणि त्या मॉडेलचा संच उत्पादक अजून पुरवतो का, या तीन चौकशा कारखान्याच्या पत्त्याच्या आधी येतात.

साणंदला टाटा समूहाच्या अग्रतासचा, बंगळुरूत एक्साइडचा आणि तेलंगणात अमर राजाचा सेल-कारखाना उभा राहत आहे, आणि त्यांच्यातून गाड्यांसाठी सेल येऊ लागतील तेव्हा उगमाचा सर्वांत खोल थरही भारतीय होण्यास सुरुवात होईल. देशाच्या औद्योगिक स्वावलंबनासाठी ही घटना फार मोलाची असेल आणि ज्या ग्राहकाला चाकण-रांजणगावच्या कामगारांच्या हाताला काम मिळावे म्हणून थोडे अधिक पैसे मोजायचे असतील, त्याची इच्छा पूर्णपणे आदरणीय आहे. परंतु नव्या कारखान्याच्या पहिल्या काही वर्षांतील सेलना उन्हाळ्याच्या, पावसाच्या आणि लाखभर किलोमीटरच्या नोंदींचा आधार नसेल. अशा गाडीला पसंती देणाऱ्याने विक्री विभागातून उठून शेजारच्या कार्यशाळेत जावे आणि तेथील प्रमुखाला या संचाचे काम याच इमारतीत होते का, गेल्या वर्षभरात असे संच किती वेळा उघडले गेले, आणि नवा संच मागवल्यास तो कोठून व किती दिवसांत येतो, हे विचारून त्याची उत्तरे लेखी घ्यावीत.